फ्रेंच कादंबरीची पहिली पन्नास पाने

फ्रेंचचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करून पहिली कादंबरी हाती घेणारा वाचक बहुधा पहिल्या पानावरच अडखळतो, आणि त्याला अडवणारे शब्द अवघडच असतात असे नाही. समजा, तिथे ‘इल वि ला मेर’ असे वाक्य आले. ‘वि’ हे ‘जगणे’ या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप त्याला पाठ असते. त्यामुळे ‘तो समुद्र जगतो’ असा निरर्थक अर्थ हाती लागतो. वास्तविक हे ‘पाहणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे: त्याने समुद्र पाहिला. दोन्ही रूपांचे स्पेलिंग एकच, उच्चारही एकच.

या भूतकाळाला पासे सांपल म्हणतात. आजच्या बोलण्यात तो जवळजवळ ऐकू येत नाही, तिथे पासे कोंपोझे हा दुसरा भूतकाळ वापरला जातो. कथनात्मक गद्यात मात्र पासे सांपल अजून टिकून आहे. आल्बेर काम्यूने १९४२ मधील ‘लेत्रांजे’ या कादंबरीत निवेदनासाठी बोलण्यातलाच भूतकाळ योजला, आणि नवशिक्यांना ती तुलनेने सुगम वाटण्याचे हे एक कारण आहे. इतर कादंबऱ्यांसाठी पासे सांपलची रूपे ओळखता आली तरी पुरते. ती स्वतः घडवण्याचा सराव करण्यात वेळ घालवू नये, असे माझे मत आहे.

शब्दसंग्रहाचे गणित याहून कठोर आहे. मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात, असे भाषातज्ज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या इंग्रजीवरील संशोधनातून दिसले. ३०० शब्दांच्या पानावर याचा अर्थ सहा अनोळखी शब्द. हेच प्रमाण ९० टक्क्यांवर आले, की त्याच पानावर तीस शब्द अडतात आणि वाचनाचे उत्खनन होते. इंग्रजी कादंबऱ्यांसाठी ९८ टक्क्यांची पातळी गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, असा नेशन यांचा अंदाज आहे. शब्दकुल म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे.

मग नवशिक्याने कादंबरीच्या वाटेला जावेच कशाला? उत्तर तिच्या लांबीत आहे. कोणत्याही भाषेत थोडे शब्द सतत येतात आणि पुष्कळ शब्द क्वचितच येतात. झां-बातिस्त एस्तू या फ्रेंच लघुलेखनतज्ज्ञाने १९१६ मध्येच या वाटणीची नोंद केली होती. पुढे ती झिफचा नियम म्हणून प्रसिद्ध झाली. मात्र एकाच लेखकाचे, एकाच कथेचे शब्द पुन्हापुन्हा भेटतात. नायक खलाशी असेल, तर शीड, नांगर आणि भरती हे शब्द प्रत्येक प्रकरणात येणारच, तेही मध्ये काही पानांचे अंतर ठेवून. अशा अंतराने झालेली उजळणी सलग घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवले. म्हणूनच पन्नासाव्या पानानंतर वाचन हलके होऊ लागते. दहा वेगवेगळे लेख वाचणाऱ्याला हा लाभ तितकासा मिळत नाही.

शब्दकोशाचा हात मात्र आखडता ठेवावा. वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तर उड्या घेत जातो आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद स्थिरावतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत या उड्यांचा अभ्यास झाला, आणि त्यांचे ‘सकाद’ हे नावही फ्रेंचच आहे. अनोळखी शब्दावर थांबा लांबतो, नजर मागे वळते. त्यात शब्दकोश उघडला, की लांब वाक्याची सुरुवात मनातून निसटते आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते. शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून पुढे जावे आणि तो तिसऱ्यांदा भेटला तरच अर्थ पाहावा, ही युक्ती साधी असली तरी चांगली चालते.

उच्चारांच्या बाबतीत मात्र कागद फसवा आहे. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही दोन्ही वाक्ये फ्रेंचमध्ये ‘इल पार्ल’ अशीच ऐकू येतात. अनेकवचनात वाढणारी तीन अक्षरे केवळ लिहिण्यापुरती असतात. हिरवा, किडा आणि काच या तिन्हींसाठीचे शब्द ‘वेर’ असेच उच्चारले जातात, पण लिहिताना तिघांचे स्पेलिंग वेगळे. मुक्या अक्षरांचा उच्चार करत मनात वाचण्याची सवय एकदा जडली, की माहीत असलेला शब्दही कानाला ओळखता येत नाही. यासाठी एखादे प्रकरण वाचून झाल्यावर त्याचेच ध्वनिपुस्तक, पान समोर ठेवून, ऐकावे.