शोधायला अवघड की पोचायला अवघड? सोलापुरात जिओकॅश लपवताना

जिओकॅश म्हणजे कुठेतरी लपवलेली डबी. तिचे अक्षांश-रेखांश नेटवर जाहीर करायचे, शोधणाऱ्याने मोबाइलच्या जीपीएसवरून तिथे जायचं, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशीच परत ठेवायची. प्रत्येक कॅशला दोन आकडे द्यावे लागतात. खेळणारे त्यांना डी (डिफिकल्टी) आणि टी (टेरेन) म्हणतात. डी सांगतो की जागेवर पोचल्यावर डबी सापडायला किती डोकं आणि नजर लागेल. टी सांगतो की त्या जागेपर्यंत पोचायला आणि हात लावायला शरीराला किती कष्ट पडतील. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने. नवखे लपवणारे या दोहोंची गल्लत करतात आणि चुकीच्या, कधी धोक्याच्या जागा बहुतेक या गल्लतीतूनच निवडल्या जातात.

नेहमीचं उदाहरण कडुलिंबाचं. चार मीटर उंच फांदीवर डबी बांधायची आणि ‘अवघड आहे’ म्हणून डी ४, टी १.५ असं लिहायचं. खरं तर डबी खालून स्पष्ट दिसते, म्हणजे डी १.५ आणि झाडावर चढावं लागतं म्हणून टी ४. आकडे असे उलटे पडले की गुडघे दुखणारे आजोबा किंवा लहान मूल घेऊन आलेली आई टी १.५ वाचून निघतात आणि झाडाखाली येऊन अडकतात. काही जण तरीही चढून बघतात. अपघात होतो तो तिथे.

टी १ चा अर्थ ठरलेला आहे: व्हीलचेअरवरून जाता आलं पाहिजे. वाट पक्की आणि सपाट हवी, अंतर सुमारे ८०० मीटरच्या आत हवं आणि डबी बसल्या जागेवरून हाताला लागली पाहिजे. बागेत फरसबंदी आहे, पण डबी बाकाच्या मागे गवतात जमिनीलगत आहे, तर ती टी १ नव्हे. टी ५ म्हणजे होडी, दोर किंवा तसं खास साधन लागणारच. डीच्या बाजूने पाहिलं तर डी १ काही मिनिटांत सापडते, डी २ ला अर्धा तास लागू शकतो आणि डी ५ ला विशेष ज्ञान किंवा साधन लागतं.

आमचं ठाम मत आहे की कॅश अवघड करायची तर ती डीने करावी. त्यात कुणाला इजा होत नाही आणि शोधणाऱ्याला खरा आनंद मिळतो. त्यासाठी जागा साधी आणि डबी हुशार हवी. बागेतल्या लोखंडी बाकाला खालून चिकटणारा, आतून पोकळ, मागे चुंबक असलेला बनावट बोल्ट घ्या. चारजण त्याच बाकावर बसून उठतील, पण तो दिसणार नाही. डबीचा रंग मागच्या पृष्ठभागाशी जुळवा आणि चकाकी घालवायला मॅट रंग वापरा. आकारही डी वाढवतो. १०० मिलिलिटरपेक्षा लहान ती मायक्रो, १०० मिलि ते १ लिटर स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर. मायक्रो झुडपांच्या लांब रांगेत ठेवली तर डी आपोआप चढतो, पण लोक प्रत्येक झुडूप उपसून बघतात आणि झाडं मोडतात. त्यापेक्षा एकाच ठळक वस्तूपाशी, उदाहरणार्थ बाकापाशी किंवा कमानीपाशी नेणारी सूचना द्या.

चुकीचे अक्षांश-रेखांश देऊन डी वाढवणं हा तर फसवणुकीचाच प्रकार. मिनिटाचा हजारावा भाग इथे सुमारे १.८ मीटर होतो, त्यामुळे तिसऱ्या दशांशापर्यंत अचूक लिहा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल साधारण ३ ते ५ मीटर चुकतो, दाट चिंचेखाली किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त. म्हणून वेगवेगळ्या वेळी निदान चारदा नोंद घ्या आणि सरासरी काढा.

टी वाढवणाऱ्या गोष्टी सोलापूरच्या मातीत भरपूर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच लपवणाऱ्याच्या ध्यानातही येत नाहीत. माळरानावरच्या रचलेल्या दगडांखाली फुरसं आणि विंचू असतात. म्हणून नियम एकच ठेवा: जिथे नजर पोचत नाही, तिथे कुणाचा हात जायला लागू नये. डबी भोकात आत सरकवू नका, दगडाच्या पुढच्या काठावर, वाकून दिसेल अशी ठेवा. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुपारी लोखंडी कठड्याला हात भाजतो, म्हणून चुंबकाची डबी सावलीच्या बाजूला लावा. बाभळीचे काटे, पडकी विहीर, शेताचा बांध हे सगळं टीमध्ये धरा. विहीर तर नकोच.

ऋतूप्रमाणेही टी बदलतो. हिप्परग्याच्या एकरुख तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे हटतं. त्या वेळी काठावर लपवलेली टी २ ची कॅश पावसाळा संपेपर्यंत पाण्याखाली जाते. पाण्याच्या सर्वांत वरच्या खुणेच्याही वर जागा निवडा. काळ्या मातीत उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात आणि सुटी डबी त्यांत घसरते. पुरून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ठेवलेली जगातली पहिली कॅश, म्हणजे एक बादली, अर्धवट पुरलेली होती खरी, पण आजच्या नियमांत जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय डबीसाठी खणायला बंदी आहे.

काही जागांना आकडा देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे ठेवायचंच नाही. भुईकोट किल्ला हे संरक्षित स्मारक आहे, त्याच्या भिंतीतल्या फटीत काहीही खुपसू नये. नान्नजचं माळढोक अभयारण्य वनखात्याच्या ताब्यात आहे. माळढोक जमिनीवर उघड्यावरच अंडं घालतो, तेव्हा गवतात शोधाशोध करणारी पावलंच तिथे घातक. रेल्वे स्टेशन, शाळेचं आवार, महावितरणचा डीपी आणि विजेचे खांब पूर्ण वर्ज्य. मंदिराच्या आवारात बेवारस डबी दिसली की घबराट होते आणि पोलीस येतात. पाइप किंवा लष्करी पेटीसारखी दिसणारी वस्तू तर कुठेच वापरू नका. डबी पारदर्शक असावी आणि तिच्यावर ‘जिओकॅश, निरुपद्रवी खेळ’ असं मराठीत ठळक लिहावं.

सार्वजनिक जागा म्हणजे परवानगी असलेली जागा नव्हे. महापालिकेच्या बागेसाठी उद्यान विभागाला अर्ज द्या, सोबत जागेचा फोटो आणि डबीचं माप जोडा. खासगी जागेसाठी मालकाची लेखी संमती घ्या. दुसऱ्या कॅशच्या डबीपासून १६१ मीटर अंतर राखावं लागतं, त्यामुळे अर्ज करण्याआधी नकाशा तपासा. होम मैदानाच्या आसपास कॅश असेल, तर जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा ती तात्पुरती बंद ठेवा. गर्दीत कुणी डबी चाचपडत बसलं तर संशय येणारच, शिवाय दुकानं लागून जागा झाकलीही जाते.

आकडे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. जागा ठाऊक नसलेल्या एका माणसाला फक्त अक्षांश-रेखांश देऊन पाठवा. वाटेत त्याला कुठे हात टेकावा लागला, कुठे चढावं किंवा वाकावं लागलं, ते टीमध्ये लिहा. जागेवर उभं राहिल्यानंतर शोधायला लागलेला वेळ डीमध्ये धरा. हे दोन वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं की गल्लत होत नाही. मग जून संपताना आणि दिवाळीनंतर पुन्हा जाऊन पाहा. रबरी कडेची झाकणं उन्हाने कडक होतात आणि पाणी आत शिरतं. झाकण बदला, कागद झिपच्या पिशवीत ठेवा, शाईऐवजी पेन्सिल द्या, आणि वाट बदलली असेल तर टीचा आकडा त्याच दिवशी दुरुस्त करा.