लोकांनी निवडलेलं आणि 'तुमच्यासाठी' निवडलेलं

रात्री जेवणं आटोपली की 'आज काय पाहायचं?' या प्रश्नाला फोनवर दोन याद्या उत्तर देतात. एक आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळाची 'टॉप २५०', दुसरी नेटफ्लिक्स उघडल्या उघडल्या दिसणारी. पहिली लोकांच्या मतांची, दुसरी अल्गोरिदमची, म्हणजे संगणकाच्या गणिताची, असं आपण सहज बोलून जातो. पण पहिलीतही गणित आहेच. आणि दुसरीतही मतं आहेत, फक्त ती आपण कधी दिली ते आपल्याला कळलेलं नसतं.

आयएमडीबीवर प्रेक्षक १ ते १० गुण देतात. नुसती सरासरी काढली तर काय होईल? एखादा नवा चित्रपट लागतो. कलाकारांचे मित्र, मावश्या, कॉलेजचा ग्रुप मिळून हजार जण भरभरून गुण देऊन येतात. (असे निरोप मलाही येतात. एकदा तर चित्रपट न पाहताच मी दहा देऊन मोकळा झालोय.) सरासरी ९.५! मग पाच लाख लोकांनी मिळून ८.६ वर नेलेला चित्रपट याच्या खाली बसवायचा?

त्यावरचा तोडगा आयएमडीबीच्या जाहीर सूत्रात होता. प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात जणू आधीच २५,००० लोकांची बेताची, सरासरी ७ गुणांची मतं जमा आहेत असं धरायचं. हजार मतांचा ९.५ वाला त्या गर्दीत मिसळला की ७.१ वर येतो. पाच लाखवाला ८.६ वरून जेमतेम ८.५ वर. शिवाय खरीखुरी २५,००० मतं पडेपर्यंत यादीत प्रवेशच नाही, आणि मोजली जातात तीही नियमित मत देणाऱ्यांची. म्हणजे 'लोकांची' यादी म्हटली तरी कोणते लोक आणि किती वजनाचे, हे सूत्रच ठरवतं. मात्र ती यादी सर्वांना सारखीच दिसते, त्यामुळे तिच्यावर भांडता येतं.

नेटफ्लिक्सचं तसं नाही. तिथेही सुरुवात तारे देण्यापासूनच झाली. कोण कशाला किती तारे देईल याचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा, असं म्हणत २००६ मध्ये त्यांनी १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं आणि २००९ मध्ये ते दिलंही. पुढे २०१७ मध्ये तारेच काढून टाकले आणि अंगठा आणला. कारण माणूस गंभीर माहितीपटाला पाच तारे देतो आणि संध्याकाळी बघतो मात्र विनोदी काहीतरी. मग ताऱ्यांपेक्षा काय लावलं, किती वेळ पाहिलं, कुठे सोडलं यालाच वजन आलं. एकाच घरातल्या दोन प्रोफाइलना वेगळ्या रांगा दिसतात, त्याच चित्रपटाचं पोस्टरसुद्धा कधी कधी वेगळं असतं. इथे वर-खाली कोण, यावर वाद घालायला समान यादीच नसते.

कोणती यादी कधी धरावी? सगळ्यांनी मिळून काही पाहायचं असेल तर मी मतांच्या यादीकडे जातो. एकटा, दमलेला असेन तर दुसरी बरी, कारण माझं आळशी मन तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दिवाळीत भाची चार दिवस राहून गेली, तेव्हापासून ही यादी मला अस्वलाची कार्टून्स सुचवतेय. काल त्यातलं एक शेवटपर्यंत पाहिलं.