एका तिकिटामागचा हिशेब : लोकल, मेट्रो आणि स्मार्टकार्डाची पार्श्वभूमी

सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेला प्रवासी सकाळी दादरला उतरतो आणि नातेवाइकांकडे अंधेरीला घाटकोपरमार्गे जायचे ठरवतो, तेव्हा मोबाइलवरचे एकत्रित तिकीट न घेतल्यास त्याला लोकलचे एक, मेट्रोचे दुसरे आणि शेवटच्या टप्प्यात बेस्ट बसचे तिसरे तिकीट काढावे लागते. शहर एक असताना तिकिटे तीन का, हा त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर यंत्रांपेक्षा मालकीच्या इतिहासात अधिक सापडते.

आपल्या मिरजेचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सुरू केला, तर १९२७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे या खासगी कंपनीची नॅरोगेज गाडी पंढरपूरकडून मिरजेला पोहोचली. ही कंपनी १९५४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. पुढे १९७१ मध्ये पुण्याकडून ब्रॉडगेज आले, तेव्हा मिरजेत नॅरो, मीटर आणि ब्रॉड अशा तिन्ही मापांचे, म्हणजे कमी-अधिक रुंदीचे, रूळ होते, पण मालक एकच, भारतीय रेल्वे.

मुंबईच्या लोकललाही या एकत्रीकरणाचा लाभ झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया या दोन कंपन्यांचे मार्ग १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वे झाले, त्यामुळे दादरचा पूल ओलांडून एकाच तिकिटावर एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जाता येते. तिकिटाचे रूप मात्र बदलत राहिले. आधी पुठ्ठ्याचे छोटे तिकीट होते. नंतर कूपनांची पुस्तिका आली, जिच्यातली कूपने फलाटाजवळच्या यंत्रात सरकवली की त्यांवर स्थानकाचे नाव आणि वेळ उमटत असे. मग स्मार्टकार्डावर चालणारी एटीव्हीएम ही स्वयंचलित तिकीट यंत्रे आणि डिसेंबर २०१४ मध्ये यूटीएस हे तिकीट काढण्याचे मोबाइल ॲप आले. एटीव्हीएमच्या कार्डाने रांग वाचली, परंतु हाती येत होते ते कागदी तिकीटच.

लंडनचा अनुभव येथे फार बोलका आहे. तेथे भुयारी रेल्वे आणि बस यांचा सामाईक पास १९८३ मध्ये निघाला आणि १९८५ मध्ये ब्रिटिश रेल्वेही अशा पासात आली, म्हणजे उत्पन्नाच्या वाटणीचा करार कागदी तिकिटांच्या काळातच झालेला होता. ऑयस्टर हे तेथील प्रवासाचे स्मार्टकार्ड २००३ मध्ये आले, तरी खासगीकरणानंतर उपनगरी गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या हाती असल्याने शिल्लक रकमेतून भाडे कापण्याची सोय त्यांच्या सर्व स्थानकांवर मिळायला २ जानेवारी २०१० उजाडला. दरम्यान नोव्हेंबर २००७ मध्ये शहराच्या वाहतूक संस्थेने दुर्लक्षित अशा काही उपनगरी मार्गांचा कारभार स्वतःकडे घेतला, त्यांना ‘लंडन ओव्हरग्राउंड’ हे नाव व नारिंगी रंग दिला, भुयारी रेल्वेच्या नकाशावर त्यांना जागा दिली आणि पहिल्या दिवसापासून ऑयस्टर लागू केले. माझ्या मते यातला रंग आणि नाव यांचा भाग वरवरचा मानू नये; कारण नकाशावर दिसत नसलेली गाडी नवख्या प्रवाशाच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते.

भारतात सर्व वाहनांना चालणारे राष्ट्रीय सामाईक कार्ड ४ मार्च २०१९ रोजी जाहीर झाले आणि मुंबईच्या मेट्रो २अ व ७ या मार्गांसाठी जानेवारी २०२३ मध्ये ‘मुंबई वन’ कार्ड आले. लोकलची अडचण निराळी आहे. अंतरानुसार भाडे कापायचे तर प्रवासी कोठे चढला आणि कोठे उतरला, या दोन्ही नोंदी लागतात, आणि त्यासाठी मेट्रोसारखी फाटके हवीत. लोकलची स्थानके मात्र दोन्ही बाजूंनी, पुलांवरून आणि गल्ल्यांतून उघडी आहेत, आणि गर्दीच्या वेळी तेथे फाटके बसवली तर चेंगराचेंगरीचे भय खरे आहे. बहुधा म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकल, मेट्रो, बेस्ट यांसह ११ वाहतूक सेवांना जोडताना कार्डाऐवजी मोबाइलवरील क्यूआर तिकिटाचा मार्ग निवडला गेला. त्यात लोकलसाठी फाटकाची गरज उरत नाही, फक्त तिकीट तपासनिसाला दाखवता येईल असा पुरावा प्रवाशाजवळ असावा लागतो.