गिरगावची झाडं बघायला येताय? आधी एवढं वाचा

फेरीला येणारे बरेच जण सुरुवातीलाच विचारतात, "इथे सगळ्यात जुनं काय आहे?" आम्ही त्यांना चाळींच्या आधी झाडं दाखवतो, आणि त्याही आधी नावं.

वाडी म्हणजे मुळात बाग. फणसवाडीत फणसांची बाग उरली नाही, पण नावात ती अजून आहे. तिकडे उमरखाडीच्या नावात उंबर आणि खाडी दोन्ही सापडतात. भेंडीबाजारातली भेंडी भाजीची नव्हे, समुद्राकाठी वाढणाऱ्या पिवळ्या फुलांच्या भेंडीच्या झाडाची, असं जुनी मंडळी सांगतात.

चाळींच्या मधे एखादा जुना माड दिसला तर खोडावर खाचा आहेत का, ते बघा. माडी काढायला चढणारे भंडारी पाय रोवायला अशा खाचा पाडत.

पिंपळ बघताना बुंध्याकडे लक्ष द्या. भिंतीच्या फटीतून आलेला पिंपळ पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून रुजलेला असतो, म्हणजे तो त्या इमारतीहून लहान. पार बांधलेल्या पिंपळाची गोष्ट वेगळी. तो कुणीतरी हौसेनं, श्रद्धेनं लावला, जपला. तिथे हमखास जुनी विहीर किंवा देऊळ विचारून बघावं. वर्षावृक्ष दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. रस्त्याकडेला यांची रांग दिसली की ओळखायचं, ही लागवड इंग्रजी अमदानीतली किंवा त्यानंतरची.

आम्हाला स्वतःला सर्वांत आवडते ती खोडानं निम्मी गिळलेली पत्र्याची पाटी. झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून, त्यामुळे पाच फुटांवर ठोकलेला खिळा कायम पाच फुटांवरच राहतो. खोड मात्र जाड होत त्याला पोटात घेतं. झाडाला हे सोसावं लागतं, म्हणून कृपया खिळे ठोकू नका आणि ठोकू देऊ नका. बुंध्याभोवती काँक्रीट दिसलं तर महापालिकेच्या उद्यान खात्याला कळवा. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. आता 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे.

घेर मोजायची टेप आमच्याकडे असते. तो जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजतात. वडाच्या पारंब्यांना मुलांनी हात लावावा, लोंबकळू नये. वटपौर्णिमेला तोडलेली फांदी विकत आणू नका, आमच्याबरोबर वडापाशीच चला.

फेरी रविवारी सकाळी 7 वाजता चर्नी रोड स्थानकाच्या पूर्वेकडून निघते. दोन तास लागतात. पाण्याची बाटली आणि सपाट चपला असू द्या. घरात आजी-आजोबा गिरगावचे असतील तर त्यांनाही आणा, त्यांचं शुल्क आम्ही घेत नाही.