तारामासा की ब्रिटल स्टार? आधी भुजेचा सांधा पाहा

पाच भुजा दिसल्या की तारामासा, असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. पण ओहोटीला दगड उलटल्यावर जे सळसळत सावलीत पळतं, ते बहुतेक वेळा तारामासा नसून ब्रिटल स्टार असतं. दोघेही कंटकचर्मी, दोघेही फक्त समुद्रातले, आणि सी-अर्चिन किंवा समुद्रकाकडीपेक्षा एकमेकांना नात्याने जवळचे. तरी शरीराची बांधणी इतकी वेगळी, की वर्गही दोन केलेत: तारामाशांचा ॲस्टेरॉइडिया, ब्रिटल स्टारचा ओफियुरॉइडिया. पहिल्यात सुमारे 1,900 जाती आहेत, दुसऱ्यात 2,000हून थोड्या जास्त.

भुजा मोजून काही हाती लागत नाही. काट्यांचा मुकुट म्हणून ओळखला जाणारा, प्रवाळ खाणारा तारामासा अकॅन्थॅस्टर वीसच्या आसपास भुजांचा असतो, लुइडिया या तारामाशाच्या काही जातींना सात असतात, आणि काही छोट्या ब्रिटल स्टारना सहा. मोजण्याऐवजी भुजा मधल्या चकतीला कुठे मिळते ते पाहा. तारामाशाच्या भुजा बुडाशी रुंद असतात आणि शेजारच्या भुजांना भिडतात, त्यामुळे चकती कुठे संपली आणि भुजा कुठे सुरू झाली ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ब्रिटल स्टारची चकती वेगळी, गोल किंवा पंचकोनी. तिच्याखालून बारीक, लवचीक भुजा निघतात आणि त्यांची बुडं एकमेकांपासून सुटी असतात.

शंका राहिलीच तर प्राणी पाण्यातच अलगद उलटा करा. तारामाशाच्या प्रत्येक भुजेखाली तोंडापासून टोकापर्यंत उघडी पन्हळ दिसते आणि तिच्यात नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या बारीक पायांच्या, दोन किंवा चार रांगा वळवळत असतात. ब्रिटल स्टारला अशी पन्हळ नाही. तिच्या जागी एकामागे एक चुनखडी पट्ट्या बसलेल्या असतात आणि नलिकापाद त्यांच्या कडेच्या छिद्रांतून जेमतेम डोकावतात. तोंडाभोवती पाच जबडे स्पष्ट दिसतात. प्रत्येक भुजेच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक फट असते, ती चकतीतल्या पिशव्यांत उघडते. ब्रिटल स्टार श्वास घेतो तो या पिशव्यांतून. प्रजननपेशीही त्यांतूनच बाहेर पडतात, आणि ॲम्फिफोलिस स्क्वामाटासारख्या जातीत पिल्लं वाढतात तीही तिथेच. तारामाशाचा श्वास पाठीवरच्या मऊ, पातळ कातडीच्या फुगवट्यांतून आणि नलिकापादांतून चालतो.

मेलेल्या, वाळलेल्या नमुन्यावर आणखी एक खूण तपासता येते. पाणी आत घेणारी चाळणीसारखी पट्टी, म्हणजे मॅड्रेपोराइट, तारामाशात पाठीवर, मध्यापासून थोडी बाजूला असते. ब्रिटल स्टारमध्ये ती खालच्या बाजूला, तोंडाजवळच्या पट्ट्यांपैकीच एक असते.

या सगळ्या फरकांचं मूळ मात्र एकच आहे: भुजेच्या आत काय भरलंय.

तारामाशाची भुजा म्हणजे शरीराचाच फाटा. प्रत्येक भुजेत पाचकग्रंथींची एक जोडी, जननग्रंथींची एक जोडी आणि या सगळ्यांभोवती द्रव भरलेली पोकळी असते. ब्रिटल स्टारच्या भुजेत यातलं काहीच नाही. ती जवळजवळ भरीव असते: प्रत्येक खंडात एक मणका, दोन मणक्यांमध्ये स्नायू, आणि मधून जाणारी चेतारज्जू नि जलवाहिनी. हे मणके नव्याने उपजलेले नाहीत. तारामाशात ज्या जोडपट्ट्या पन्हळीचं छत होतात, त्याच इथे आत जाऊन एकमेकींना जुळल्या आणि मणका झाल्या. पोट चकतीत कोंबलेलं असतं, आतडं नाही आणि गुदद्वारही नाही. न पचलेलं आलं तसं तोंडावाटेच बाहेर जातं.

म्हणून चालही वेगळी. तारामाशाची भुजा त्याला पुढे ढकलत नाही, चालतात ते शेकडो नलिकापाद. प्रत्येकाच्या वर आत एक फुगा असतो. ड्रॉपरचं रबर दाबावं तसा तो आकसला, की पाणी खाली उतरतं आणि पाद लांब होतो. पादाच्या टोकातून चिकट द्रव्य पाझरतं. सुटताना दुसरं द्रव्य ती पकड सोडवतं. ही पकड निव्वळ निर्वात चोषणाची आहे, असं जुनं वर्णन आता टिकत नाही. कातळाला बसलेला तारामासा ओढून काढला, तर पाद तुटून दगडालाच राहतात ते यामुळेच. ब्रिटल स्टारच्या पादांना असे फुगे नाहीत आणि टोकाला चिकटायची छोटी चकती, म्हणजे चोषक, तीही नाही. तो भुजांनीच वल्हवत जातो. एक भुजा पुढे रोखायची आणि तिच्या बाजूच्या दोन भुजांनी रेटा द्यायचा. दिशा बदलायची तर अंग न वळवता पुढची भुजाच बदलायची. मणक्यांच्या खोबणीमुळे बहुतेक जातींच्या भुजा आडव्या सहज वळतात, वर-खाली मात्र फारशा वाकत नाहीत. ब्रिटल स्टारपैकीच असलेल्या बास्केट स्टारच्या गटात मणक्यांचा हा सांधा वेगळा असल्याने त्यांना भुजा कोणत्याही दिशेला गुंडाळता येतात.

खाण्याच्या बाबतीत पाठ्यपुस्तक आपली थोडी फसवणूक करतं. तारामासा शिंपला ओढून किंचित उघडतो, आपलं पोट बाहेर काढून त्या फटीतून आत घालतो आणि मांस तिथेच पचवतो, हे वर्णन पुष्कळ जातींना लागू आहे. पण कोकणच्या पुळणीवर आपल्याला आधी भेटतो तो ॲस्ट्रोपेक्टेन. त्याच्या भुजांच्या कडेने मोठ्या पट्ट्यांची दुहेरी रांग असते आणि तिच्यावर बाहेर रोखलेले काटे. त्याचे नलिकापाद टोकदार असतात, चिकटायला चकती नाही. वाळूत गाडून घ्यायला हेच पाद कामाचे. पोट तो बाहेर काढत नाही. छोटे शिंपले नि गोगलगायी अख्ख्या गिळतो. त्याला गुदद्वारही नाही, त्यामुळे रिकामी कवचं तोंडातूनच टाकतो. तेव्हा ‘चोषक दिसले नाहीत, म्हणजे हा तारामासा नव्हे’ असा निष्कर्ष काढू नका, उघडी पन्हळ शोधा.

ब्रिटल स्टार बहुतेक गाळातले कण, पाण्यात तरंगणारं अन्न आणि मेलेलं मांस खातात. ॲक्वेरियमवाल्यांनी मात्र हिरव्या ओफियाराक्ना इंक्रासाटापासून सावध राहावं. हा भुजांवर उभा राहून चकती उचलतो, छोटा मासा आडोसा समजून खाली शिरतो, आणि भुजा पिळून पिंजरा बंद होतो. मासे एकेक करून नाहीसे होत असतील, तर पंप किंवा पाणी तपासण्याआधी याच्याकडे बघा.

भुजा टाकून देणं दोघांनाही जमतं, पण तारामाशासाठी ते महागाचं आहे, कारण भुजेबरोबर पाचकग्रंथी आणि जननग्रंथीही जातात. ब्रिटल स्टारचं नुकसान हाड-स्नायूंपुरतंच, म्हणून नुसत्या धक्क्यानेही तो भुजा सोडतो. दोन मणक्यांमधली कोलॅजनची बांधणी चेतासंस्थेच्या इशाऱ्यावर क्षणात सैल पडते. तुटलेल्या तुकड्यातून पूर्ण प्राणी होतो का? ब्रिटल स्टारच्या सुट्या भुजेतून नाही. तारामाशांतही बहुतेकांना चकतीचा भाग लागतो. लिंकियाच्या काही जाती अपवाद, त्यांच्यात एकट्या भुजेला चार इवल्या भुजा फुटलेल्या दिसतात. ओफियॅक्टिस साविग्नी हा स्पंजात राहणारा छोटा ब्रिटल स्टार वेगळा मार्ग धरतो. तो चकतीतूनच दुभंगतो आणि दोन्ही अर्धी पुन्हा वाढतात. एका बाजूला तीन मोठ्या आणि दुसऱ्या बाजूला तीन बारक्या भुजा दिसल्या, तर तो व्यंग असलेला प्राणी नाही, नुकताच दुभंगलेला आहे.

सांध्याची खूणही चकवते ती खोल समुद्रात. तिथल्या ब्रिसिंगिड तारामाशांची चकती लहान, उठून दिसणारी, आणि भुजा लांब नि सडपातळ असतात. वरून पाहून कोणीही ब्रिटल स्टारच म्हणेल. खालची उघडी पन्हळ तेवढी खरं सांगते.

हाताळताना ब्रिटल स्टार भुजेला धरून उचलू नका. चकतीखाली चमचा किंवा तळहात सरकवा आणि पाण्यातच ठेवा. गोडं पाणी दोघांनाही मारतं, म्हणून बादलीत समुद्राचंच पाणी घ्या. उलटलेला दगड पुन्हा तसाच ठेवा, नाहीतर खालचे सगळेच उन्हात वाळतील.

प्रयोगशाळेसाठी नमुना ठेवायचा असेल, तर ब्रिटल स्टार थेट अल्कोहोलमध्ये टाकलात तर हाती तुकडे येतील. आधी गुंगी द्या. लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे 75 ग्रॅम स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा, त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा आणि प्राणी त्यात ठेवा. काट्यांना सुईने स्पर्श केल्यावर हालचाल झाली नाही, की भुजा सरळ मांडून घ्या. मग 70 टक्के इथेनॉल, डीएनए काढायचा असेल तर 95 टक्के. अंगातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदला. फॉर्मलिनमध्ये नमुना दीर्घकाळ ठेवू नका. ते आम्लधर्मी होत जातं आणि चुन्याच्या पट्ट्या विरघळवतं. मग बाटलीत मऊ लगदा उरतो, त्यात ना काटे मोजता येतात, ना तोंडाजवळच्या पट्ट्या, आणि जात ओळखायला तर नेमकं हेच लागतं.