बाळंतपणानंतरची उदासी आणि मायलेकरांचे गट : पार्श्वभूमी

मराठवाड्यात पहिलं बाळंतपण माहेरी. बाज, शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, पाचवीला सटवाईची पूजा. बाळंतिणीच्या अंगाची काळजी घेण्यात आपल्या बायका कमी पडत नाहीत. पण "लेकराला जवळ घ्यावंसंच वाटंना" असं एखादी बोललीच, तर 'बाहेरचं झालं' म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या जातात.

फ्रेंच डॉक्टर लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्येच गरोदर आणि बाळंत बायकांच्या मानसिक आजारांवर ग्रंथ लिहिला होता. तरी पुढं कित्येक वर्षं आजारी आईला दवाखान्यात ठेवायचं आणि लेकराला घरी, हीच रीत राहिली. १९४८ मध्ये इंग्लंडातल्या कॅसल हॉस्पिटलात मनोविकारतज्ज्ञ टॉम मेन यांनी आयांबरोबर मुलांनाही दाखल करून घ्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये बाळंतपणानंतरची उदासी ओळखायला एडिंबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली आली.

खरी अडचण पुढं कळली. उपचारानं आईची उदासी उतरली, तरी लेकराशी नातं आपोआप जुळत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानं हे स्पष्ट दाखवलं. त्यामुळं लेकराला मांडीवर घेऊनच चालणाऱ्या गटांना महत्त्व आलं. तिथं मोजक्याच आया एकत्र बसतात. मनातलं बोलणं होतंच, पण निम्मं लक्ष बाळाकडं: ते कधी टक लावून बघतं, कधी तोंड फिरवतं, दमलं की काय करतं. काही ठिकाणी मायलेकरांच्या खेळण्याचा छोटा व्हिडिओ सगळ्या मिळून पाहतात. आईच्या आवाजाकडं बाळानं मान वळवलेली असते, पण उदासीत तिला ते दिसलेलंच नसतं. शेजारची दाखवून देते. माझ्या मते या उपचाराचा जीव इथंच आहे. 'मीच वाईट आई' हे ओझं डॉक्टरच्या सांगण्यानं उतरत नाही, तेच दुसरीच्या तोंडून ऐकलं की उतरू लागतं.

भारतात बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २००९ साली आई-बाळांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये, असं बंधन घातलं. गोव्यात तर शेजारपाजारच्याच बायकांना शिकवून त्यांच्याकरवी उदास बाळंतिणींना आधार देण्याचा प्रयोग झाला.

आपल्याकडं आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, बाळाचं वजन-ताप बघतात. त्याच भेटीत आईलाही "झोप लागते का, लेकराकडं बघून कसं वाटतं?" एवढं विचारता येईल, आणि अंगणवाडीत अशा आयांना एकत्र बसवता येईल. सगळ्यात आधी ते व्हावं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी. बीडकडच्या कितीतरी जणी ओली बाळंतीण असतानाच फडावर जातात, कोपीत ना माहेर ना आशाताई. तिथंही फोन असतो: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, फुकट बोलता येतं.