तेलाचा डाग चालतो, लिंबू-मिरची चालत नाही

अमळनेरच्या स्टँडबाहेर भरीत आणि कळण्याच्या भाकरीची एक गाडी लागते. परवा तिथं पैसे द्यायला मोबाइल काढला, तर क्यूआर कोड काही केल्या वाचला जाईना. स्टिकर एका कंपनीचं, माझं ॲप दुसरीचं. शेजारी जेवणारे काका म्हणाले, "त्यांच्या कोडवर तुमचं ॲप चालत नाही भाऊ."

काका जुन्या काळातलं बोलत होते. पूर्वी वॉलेट कंपन्यांचे कोड आपापले, बंदिस्त असत. म्हणून गल्ल्यापाशी चार-चार स्टिकरं. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं फर्मावलं की ३१ मार्च २०२२ पर्यंत सगळ्यांनी सामाईक कोडवर यावं. आज यूपीआयच्या कोडात मजकूर असतो तो एका ठरलेल्या नमुन्याचा: 'पीए' म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता, 'पीएन' नाव, 'एएम' रक्कम. स्टिकरचा रंग कुठलाही असो. 

मग अडलं कुठं? कोडच्या मधोमध रुपयाएवढा तेलाचा डाग होता, पण दोषी तो नव्हता. का, ते बघा.

समजा मला ३ आणि ५ हे दोन आकडे पाठवायचेत. आलेखावर ते दोन बिंदू मानले, तर त्यांतून एकच सरळ रेषा जाते. तीच पुढं वाढवून आणखी दोन बिंदू घेतले: ७ आणि ९. आता छापले ३, ५, ७, ९. तेल सांडलं आणि तिसरा आकडा ८ वाचला गेला. तरी पहिला, दुसरा, चौथा एका रेषेत आहेत, तिसराच बाहेर पडलाय. त्याला रेषेवर ओढलं की ७ परत! रीड आणि सॉलोमन या दोघा गणितींनी १९६० मध्ये मांडलेल्या युक्तीचं मूळ हेच. क्यूआरमध्ये रेषेच्या जागी मोठ्या घाताच्या बहुपदी येतात आणि हिशेब चालतो तो फक्त २५६ संख्यांच्या जगात, जिथं ५ अधिक ५ बरोबर शून्य. (दचकू नका, तिथं बेरीज म्हणजे बिटांची, म्हणजे संख्येतल्या ०-१ अंकांची, तुलना: सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १.) कोड दुरुस्तीच्या कुठल्या पातळीचा आहे त्यानुसार साधारण ७ ते ३० टक्के मजकूर खराब झाला तरी भरून निघतो.

मात्र हे सगळं कोड सापडल्यावर. तो सापडतो कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांमुळं. त्यांच्या मध्यातून कशीही रेघ मारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १:१:३:१:१ च येतं. जपानच्या डेन्सो कंपनीत १९९४ साली हा कोड बनवताना मासाहिरो हारा यांच्या चमूनं ढीगभर छापील कागद तपासून सर्वांत विरळ आढळणारं हे प्रमाण निवडलं. कंपनीनं पेटंटचा हक्क बजावला नाही, म्हणून तो आज भरीताच्या गाडीवरही फुकट आहे. या चौकोनांना रीड-सॉलोमनचं कवच नसतं. आणि गाडीवर नेमक्या डावीकडच्या एका चौकोनावर लिंबू-मिरची लोंबत होती. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेली, तिनं कॅमेऱ्याचीच दृष्ट अडवली.

मिरच्या बाजूला केल्या, लगेच पैसे गेले. "उनात ना?" (आले ना?) मी विचारलं. मालकानं मान हलवली आणि मिरच्या पुन्हा जागेवर सोडल्या.